महागडे टॉवर स्पीकर घरी घुमतात, अ‍ॅम्प्लिफायर बदलू का?

तुमच्या प्रश्नातली दोनच वाक्यं आधी घेते. ‘दुकानात ज्यांनी वेड लावलं तेच फ्लोअरस्टँडिंग स्पीकर घरी घुमतात, गायकाचा आवाज दबतो. बायको म्हणते बेस जड येतो, पण तिला यातलं काही कळत नाही.’ आणि मग विचारताय, अ‍ॅम्प बदलू की केबल.

अ‍ॅम्प नको. केबल तर नकोच नको. आणि जिला यातलं काही कळत नाही, तिने दोष अगदी नेमका सांगितलाय. तुम्ही तो ऐकून घेतला नाहीत.

आमच्या घरातले टॉवर, म्हणजे असेच जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर, माझे आहेत. मी ऐकून निवडले, मी पैसे भरले. तरी येणारा प्रत्येक पाहुणा त्यांच्याबद्दल नवऱ्याला विचारतो. माझे मोठे दीर, म्हणजे भावोजी, हे आमच्या नात्यागोत्यात ऑडिओतले दर्दी. त्यामुळे खोकी आली त्या दिवशी मांडामांड त्यांच्याकडे गेली. स्पीकर भिंतीपासून जेमतेम वीतभर पुढे, कारण जाण्यायेण्याची वाट अडायला नको. सोफा समोरच्या भिंतीला टेकलेला होता, तो तिथेच राहिला. खोक्यातून निघालेले फोमचे दोन बोळे त्यांनी पॅकिंग समजून माळ्यावर टाकले.

मग गाणं लावलं. बेस गिटारवाला सर्वांत जाड तार मोकळी सोडायचा तेव्हा शोकेसची काच झिणझिणायची. तोच वादक दोनचार स्वर वर सरकला की बेस एकदम अंग चोरायचा. एकाच ओळीतला एक स्वर बोंबलतोय, शेजारचा कुजबुजतोय, आणि त्या बोंबलण्याखाली गायिकेचे शब्द बुडतायत. मी म्हटलं, “भावोजी, हा एकच स्वर फुगतोय.” ते हसले. “वहिनी, याला बेसची ऑथॉरिटी म्हणतात. कान तयार व्हायला वेळ लागतो.”

हे ‘कान तयार व्हायला’ माझ्या डोक्यात गेलं.

मी मोजमापाचा माइक मागवला, रूम ईक्यू विझार्ड हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकलं, सोफ्यावर माझा कान येतो त्या उंचीला माइक बसवला आणि स्वीप, म्हणजे खालच्या सुरापासून वरच्यापर्यंत सलग चढत जाणारा आवाज, वाजवला. आलेखावर 41 हर्ट्झला सुळका, आजूबाजूच्या पातळीपेक्षा 14 डेसिबलने वर. खोलीची लांबी 4.2 मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 343 मीटर, त्याला लांबीच्या दुपटीने भागा: 41च्या आसपास. बेस गिटारची जाड मोकळी तार, ई, 41.2 हर्ट्झवर लागते. म्हणजे वाजत होती ती खोली. त्या सुराची लाट आठ मीटरहून लांब असते, तिची बरोबर अर्धी आमच्या दोन भिंतींमध्ये मावते आणि तिथेच उभी राहते. अशा लाटेचा दाब भिंतीपाशी सगळ्यात जास्त असतो. आणि आमचा सोफा, म्हणजे आमची डोकी, भिंतीला टेकलेली.

कागद दाखवला. उत्तर तयार होतं: “संगीत ऐकायचं असतं, मोजायचं नसतं.” पुढच्या रविवारी ते एका मित्राकडून मोनोब्लॉकची, म्हणजे प्रत्येक स्पीकरला वेगळ्या अ‍ॅम्पची, जोडी घेऊन हजर. एकेक उचलायला दोन माणसं. त्यांतला एक माणूस अर्थातच माझा नवरा, ज्याने या सगळ्या प्रकरणात एकदाही मत दिलेलं नाही. भावोजींचा मुद्दा डॅम्पिंग फॅक्टरचा होता: दमदार अ‍ॅम्प वूफरला मुठीत ठेवतो, म्हणून बेस घट्ट होतो. वाक्य खोटं नाही. पण अ‍ॅम्पची मूठ वूफरच्या कोनपर्यंतच पोचते. कोनने हवा ढकलली की पुढचं भिंती ठरवतात.

वाजवलं. “बघा, ग्रिप बघा!” सगळ्यांनी माना डोलावल्या. काच झिणझिणली. मी आवाजाची पातळी जुळवून पुन्हा स्वीप घेतला, बेसमध्ये रेघेवर रेघ बसली. ते म्हणाले, अ‍ॅम्प तापू दे. अ‍ॅम्प तापला, चहा झाला, रेघ तीच. मोनोब्लॉक गाडीत परत चढवायलाही नवराच.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी सामान हलवलं. आधी सोफा, भिंतीपासून 90 सेंटिमीटर पुढे. मग स्पीकरच्या खालचे स्पाइक, म्हणजे टोकदार पाय, काढून ते सरकवत सरकवत मागच्या भिंतीपासून तितकेच बाहेर. माळ्यावरून ते बोळे आणले आणि मागच्या पोर्टमध्ये, म्हणजे स्पीकरच्या पाठीतल्या बेसच्या भोकात, ठासले. ते त्यासाठीच दिलेले असतात. नुसता सोफा हलवल्यावर दोनेक डेसिबल उतरले, स्पीकर आणि बोळे मिळून बाकीचे. सुळका निम्म्यावर आला. उरलेला स्ट्रीमरमधल्या इक्वलायझरने 41 वर एकच अरुंद फिल्टर लावून कापला. काच गप्प झाली, आणि गायिका पुढे येऊन उभी राहिली. जाण्यायेण्याची वाट अडली, हे खरं. झाडताना माझ्या गुडघ्याला अजून स्पीकरचा कोपरा लागतो.

भावोजी नंतर आले, ऐकलं आणि म्हणाले, “आता रन-इन झाले स्पीकर!” म्हणजे वाजून वाजून मोकळे झाले. मी विचारलं, सोफा कुठे आहे ते पाहिलंत का? त्यांनी पाहिलं नव्हतं. ते त्याच सोफ्यावर बसले होते.

यात एकटे भावोजीच नाहीत. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी 1994 साली तेच स्पीकर लोकांना एकदा पडद्याआड आणि एकदा समोर ठेवून ऐकवले. न बघता ऐकताना स्पीकरची जागा बदलली की लोकांचे गुण बदलत होते. बघून ऐकताना तोच फरक बराचसा नजरेआड झाला, रूप आणि नाव पाहून गुण पडले. डोळ्यांपुढे भारी लाकडी पॉलिश असलं की कानाचं कोण ऐकतो. तुमच्या बायकोला तुमच्या स्पीकरच्या मॉडेलशी काही देणंघेणं नाही, म्हणून तिचं ऐकणं जास्त भरवशाचं. मला तर वाटतं, ज्या घरात ‘जाणकार’ एकच असतो, त्या घरात आवाज हमखास वाईट असतो.

दुकानात का छान वाजले? बहुधा मोठी खोली, भिंतींपासून लांब मांडलेले स्पीकर, तुमची खुर्चीही मोकळ्यात. शिवाय मोठ्याने वाजवतात. आवाज चढला की कानाला बेस भरीव लागतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्येच मोजून दाखवलंय.

गालिचा टाकून बघू का, असंही कोणीतरी सुचवेल. गालिचा वरचे सूर खातो, 41 हर्ट्झला त्याचा पत्ताही लागत नाही. घुमणं राहतं आणि चमक जाते.

आता थोडं सांभाळून. माझे आकडे माझ्या खोलीचे, तुमचा सुळका दुसरीकडे असेल. खोलीच्या बरोबर मधोमध बसू नका, तिथे लांबीचा पहिला सूर (आमच्या खोलीत तो 41चा) जवळजवळ नाहीसा होतो आणि बेस पोकळ लागतो. असा खड्डा इक्वलायझरने भरायला जाऊ नका, वूफर आणि अ‍ॅम्प दमतात आणि खड्डा तसाच राहतो. सुळका मात्र कापता येतो. आणि हो, अ‍ॅम्पबद्दल मी वर जरा जास्तच ठाम बोलले. काही टॉवर कागदावर 8 ओहमचे असतात आणि बेसमध्ये 3 ओहमपर्यंत उतरतात, म्हणजे अ‍ॅम्पकडून जास्त करंट ओढतात. तिथे लहान अ‍ॅम्प मोठ्या आवाजाला खरंच धापा टाकतो. पण तो फाटतो, कर्कश होतो, कधी बंदच पडतो. हळू आवाजातही घुमत असेल तर अ‍ॅम्पवर संशय घेऊ नका. दुप्पट वॉटचा अ‍ॅम्प आणलात तरी हाती 3 डेसिबल येतात.

माइक घ्यायचा नसेल तर बायकोला सोफ्यावर डोळे मिटून बसवा, बेस गिटार स्पष्ट असलेलं एकच गाणं लावा आणि आधी सोफा, मग स्पीकर सरकवा. तिने ‘इथे’ म्हटलं की थांबा, वाद घालू नका. एवढं करूनही घुमलं तर खोलीची लांबी, रुंदी, उंची आणि सोफ्यामागची भिंत किती लांब आहे ते इथे लिहा. अ‍ॅम्पचं मॉडेल लिहायची गरज नाही.