आधी चालती करा, मग चकचकीत: वाचकांच्या मोटरसायकलींचे प्रश्न

या वेळी आलेली बहुतेक पत्रं जुन्या गाड्यांबद्दल आहेत. निवडलेल्या पत्रांना जरा सविस्तर उत्तरं देते. काही प्रश्न दोन ओळींत संपणारे आहेत, तेही घेतलेत.

प्रश्न : ताई, आजोबा गेल्यावर त्यांची जावा 250 माझ्याकडे आली. कितीतरी वर्षं ती शेडमध्ये उभीच होती. किक अर्धीही खाली जात नाही. मिस्त्री म्हणतात, इंजिन जाम आहे, सगळी गाडी खोलून शोरूममधून काढल्यासारखी करून देतो. मी कॉलेजात शिकतो. जमेल तेवढं स्वतःच्या हातानं करायचंय. सुरुवात कुठून करू?

सर्वात आधी त्या किकवर उभं राहणं बंद कर. जावाचा गिअरचा दांडा आणि किक एकच असते. दांडा आत ढकलून वर फिरवला की त्याची किक होते. जाम इंजिनावर अंगाचा भार टाकलास तर आतले दात मोडतील आणि सोपं काम अवघड होऊन बसेल.

प्लग काढ आणि भोकातून टॉर्च मारून पिस्टन कुठे थांबलाय ते बघ. टू-स्ट्रोक इंजिनात ब्लॉकच्या, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळकांड्याच्या, भिंतीतच पोर्ट, म्हणजे हवा-धूर ये-जा करायची भोकं असतात. पिस्टन खाली थांबला असेल तर एक्झॉस्टचं पोर्ट उघडं राहतं, सायलेन्सरमधून दमट हवा सरळ आत येते आणि ब्लॉकची भिंत गंजते. पिस्टन वर असेल तर बहुधा फक्त रिंगा चिकटलेल्या असतात. ऑटोमॅटिक गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये घालतात ते एटीएफ ऑइल आणि ॲसिटोन सारख्या प्रमाणात मिसळ आणि प्लगच्या भोकातून थोडं थोडं सोड. ॲसिटोन भसकन पेट घेतं, म्हणून हे काम उघड्यावर कर आणि आसपास विडी-सिगारेट, शेगडी काही नको. रोज थोडं घालत राहा आणि निदान आठवडाभर वाट बघ. खरं काम ते ऑइलच करतं, आपण फक्त त्याला वेळ द्यायचा असतो.

मग गाडी मधल्या स्टँडवर घे, चौथा गिअर टाक आणि मागचं चाक दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलव. जोर लावू नकोस, लय ठेव. वरच्या गिअरमध्ये चाकाकडून क्रँकला (पिस्टन हलवणाऱ्या दांड्याला) मिळणारा रेटा इतर गिअरांपेक्षा जास्त असतो, म्हणूनच जोर नको. आधी काहीच होणार नाही. मग कधीतरी चाक सुताएवढं जास्त पुढे जाईल, आतून कर्र असा बारीक आवाज येईल आणि प्लगच्या भोकातून तांबूस ऑइल वर येईल. तिथंच थांब, आणखी ऑइल घाल आणि बाकीचं दुसऱ्या दिवशी कर.

इंजिन फिरायला लागलं तरी लगेच सुरू करू नकोस. गंजाचा चुरा आतच आहे. हेड आणि ब्लॉक काढ. ब्लॉकच्या आतून अंगठ्याचं नख वर-खाली फिरव. डाग नुसते दिसत असतील आणि नख कुठे अडत नसेल तर होनिंग, म्हणजे भिंत आतून हलकी घासून, नव्या रिंगा घातल्या की बहुधा भागतं. नख अडलं तर बोअर करून, म्हणजे ब्लॉक आतून कापून मोठा करून, पुढच्या मापाचा पिस्टन घालावा लागेल. तुझ्या गाडीचं मूळ माप 65 मिलिमीटर. त्यावरचे ओव्हरसाइज पिस्टन 0.25, 0.50 असे चढत जातात. नेहमी सर्वात लहान पुरेल तेवढंच माप घे, म्हणजे ब्लॉकला पुढच्या वेळेसाठी जीव उरतो. कनेक्टिंग रॉड धरून उभ्या दिशेनं वर-खाली ओढून बघ. त्या दिशेला खडखड अजिबात चालत नाही. आडवी थोडी हालचाल असतेच, तिला घाबरू नकोस.

क्रँकची ऑइल सीलं इतक्या वर्षांत कडक झाली असणार, ती बदलायचीच असं धरून चाल. जावाचा क्रँक दाबून बसवलेला असतो. तो उघडायची वेळ आली तर प्रेस आणि डायल गेज असलेल्या माणसाकडेच दे, पण गाडी सोडून येऊ नकोस. शेजारी बसून बघ.

टाकीतला गंज सायट्रिक ॲसिडच्या पाण्यानं निघतो. तोटी काढून भोक बंद कर, टाकी भरून एक-दोन दिवस ठेव, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धू. लगेच वाळव आणि आतून टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल फिरव. ओली टाकी तासाभरात पुन्हा तांबूस होते. आणि लक्षात ठेव, या गाडीला ऑइलचा पंप नाही. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं. जुन्या पुस्तिकेप्रमाणे 25 ला 1, म्हणजे लिटरला 40 मिली. नवा पिस्टन घातलास तर सुरुवातीला 20 ला 1, म्हणजे 50 मिली. वायरिंग सहा व्होल्टचं आहे, तेव्हा दुकानदार सहज देतो म्हणून बारा व्होल्टची बॅटरी जोडू नकोस.

मिस्त्रींना एवढंच सांग की शोरूमसारखी नंतर बघू. आधी ती स्वतःच्या चाकांवर फाटकाबाहेर जाऊ दे. गाडी चालवल्याशिवाय तिचं खरं दुखणं कळत नाही. रंग आधी आणि इंजिन नंतर, असं करणाऱ्यांना नव्या रंगावर पान्याचे ओरखडे पाडत पुन्हा सगळं खोलावं लागतं.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. माझ्या पहिल्या पगारात घेतलेली बुलेट अजून चालते. टाकीचा रंग दोन-तीन ठिकाणी उडाला आहे, सोनेरी रेघा फिकट झाल्या आहेत. मुलं म्हणतात, नवा रंग देऊन तुम्हाला भेट देतो. काय करावं?

गुरुजी, मुलांना भेट म्हणून टायर आणि ब्रेक शू द्यायला सांगा. रंगाला हात लावू देऊ नका.

त्या रेघा कुणीतरी ब्रश धरून हातानं ओढलेल्या आहेत. एकदा रंग खरवडला की कारखान्यातला तो रंग कुठल्याच पेंटरला परत आणता येत नाही. उडालेल्या जागी गंज वाढू नये म्हणून पारदर्शक लॅकरचा हलका हात पुरे. बाकी टाकी सौम्य साबणानं धुवा. पॉलिश आधी सीटखाली न दिसणाऱ्या जागी लावून बघा आणि रेघांवर अजिबात घासू नका. क्रोमवर गंजाचे ठिपके असतील तर ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हातानं फिरवा, बरेच ठिपके निघून जातात. क्रोमचा पापुद्राच सुटला असेल तर मात्र प्लेटिंग नव्यानं करावं लागतं.

एखाद्यानं इंजिन चकचकीत करायला सँडब्लास्टिंग सुचवलं तर ठाम नकार द्या. वाळूचा एक कण ऑइलच्या वाटेत राहिला तरी बेअरिंग खातो. आणि कधी चासी रंगवायची वेळ आलीच तर चासी नंबरवर ग्राइंडर फिरणार नाही, हे समोर उभं राहून बघा. तो आकडा गेला की गाडी कागदावर अनोळखी होते.

प्रश्न : मी किरकोळ अंगाची आहे. जुनी 350 बुलेट घेतली. किक मारताना कधीकधी ती उलटी येते आणि पाय झिणझिणतो. भाऊ म्हणतो, ही गाडी बायकांच्या वजनाची नाही. खरंच सोडून देऊ का?

सोडू नका. वजनाशी याचा काही संबंध नाही, आणि हे मी तुमच्याइतक्याच अंगकाठीची बाई म्हणून सांगतेय.

346 सीसीचा एकच पिस्टन, 90 मिलिमीटरचा लांब स्ट्रोक. तो वर येताना सगळी हवा दाबतो. त्या दाबाशी पायानं कुस्ती करायचीच नाही, तो मागे टाकून मग किक मारायची. चावी चालू करा आणि हेडलाइटच्या कव्हरवरच्या अँमीटरच्या (विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या मीटरच्या) काट्याकडे बघत किक हळूहळू खाली न्या. पॉइंट, म्हणजे स्पार्कची वेळ ठरवणारे उघड-मीट करणारे संपर्क, मिटले की काटा वजाकडे झुकतो, उघडले की मध्यावर येतो. काटा मध्यावर आणि पायाला घट्ट दाब लागतोय, तिथं थांबा. आता डिकॉम्प्रेसरचा, म्हणजे आतला दाब बाहेर सोडणारा, लिव्हर ओढा, किक आणखी थोडीशीच सरकवा आणि लिव्हर सोडा. पिस्टन शिखर ओलांडून पलीकडे गेला. किक पूर्ण वर येऊ द्या आणि मग टाच खाली ठेवून, गुडघा किंचित वाकवून, शेवटपर्यंत एकसलग किक मारा. अर्ध्यावर सोडू नका, उलटी बसते ती बहुतेक तिथंच. थ्रॉटलला हात नको.

एवढं करूनही उलटी आली तर दोष टायमिंगचा आहे. पॉइंटमधलं अंतर फीलर गेजनं (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) तपासा, ते 0.35 ते 0.40 मिलिमीटर हवं. अंतर जास्त असेल तर पॉइंट लवकर उघडतात आणि स्पार्क वेळेआधी पडतो. दुसरी जागा डिस्ट्रिब्युटरमधली ऑटो-ॲडव्हान्सची, म्हणजे वेग वाढला की स्पार्क आपोआप पुढे आणणारी, वजनं. त्यांच्या स्प्रिंगा ढिल्या पडल्या किंवा वजनं पुढेच अडकून राहिली तर किक मारतानाच टायमिंग पूर्ण पुढे असतं. थेंबभर ऑइल आणि नव्या स्प्रिंगा, एवढंच काम. गाडी आधी नीट लावून घ्या, मग भावाला किक मारायला सांगा. त्यालाही काट्याकडे बघायला शिकवा.

जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला असतो. घाईच्या वेळी पाय जुन्या सवयीनं चालतो, म्हणून सुरुवातीला रिकाम्या मैदानात फक्त ब्रेक लावण्याचा सराव करा.

प्रश्न : माझी आरएक्स 100 मोकळ्या रस्त्यावर काही वेळ फुल थ्रॉटलनं पळवली की ओढल्यासारखी जड होते आणि बंद पडते. दहा मिनिटांनी पुन्हा सुरू. प्लग पांढरा दिसतो. सायलेन्सर बदललाय, एअर फिल्टर काढून टाकलाय, त्यामुळे पिकअप मस्त आहे.

तुमचं उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. फिल्टर काढला, सायलेन्सर मोकळा केला, आणि कार्बोरेटरचा मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं मुख्य भोक, तोच ठेवला. हवा वाढली, पेट्रोल तेवढंच राहिलं. मिश्रण पातळ झालं की ज्वलन जास्त तापतं, पिस्टन फुगतो आणि ब्लॉकला घासतो. ‘जड होते’ म्हणता ते सिझ, म्हणजे पिस्टन अडकून इंजिन जाम होण्याचं पहिलं पाऊल आहे. थंड झाल्यावर पिस्टन आकसतो म्हणून ती सुरू होते, पण दर वेळी ब्लॉकवर ओरखडे उमटतात. आजच मूळ फिल्टर परत बसवा. धूळ थेट आत जात होती ते वेगळंच.

त्यानंतरही तसंच झालं तर बंद पडल्या क्षणी टाकीचं झाकण उघडून बघा. फस्स असा आवाज आला आणि थोड्या वेळात गाडी सुरू झाली, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय, बाकी काही नाही. तसं नसेल तर कार्बोरेटर आणि इंजिनमधल्या रबराला तडा आहे का ते पाहा. मॅग्नेटच्या बाजूचं ऑइल सील गेलं तर तिथून हवा शिरते आणि गाडी आपोआप वरच्या आरपीएमवर राहते. क्लचच्या बाजूचं गेलं तर इंजिन गिअर ऑइल ओढतं, पांढरा धूर वाढतो आणि गिअर ऑइल कमी होत जातं. ऑइल पंपाची केबल थ्रॉटलबरोबर पूर्ण ओढली जाते का, हेही बघून घ्या.

तोवर टू-स्ट्रोक चालवताना दोन बोटं क्लचवर ठेवा. इंजिन जड झाल्याची चाहूल लागताच क्लच दाबायचा. मागचं चाक अडकलं तर माणूस पडतो, आणि ब्लॉकसारखा माणूस बोअर करता येत नाही.

प्रश्न : जुन्या गाडीचे टायर अगदी नव्यासारखे आहेत, नक्षी पूर्ण शाबूत. बदलायचे का?

टायरच्या कडेवर चार आकडे असतात. 2314 म्हणजे 2014 सालचा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर तो 2000 च्या आधीचा, त्यावर बसूसुद्धा नका. रबर उभ्या उभ्याही कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडतं. सहा वर्षांपलीकडचा टायर मी ठेवत नाही. त्याच वेळी ड्रम उघडाल तेव्हा आतली पूड फुंकू नका आणि कॉम्प्रेसरची हवाही मारू नका. जुन्या ब्रेक शूंच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

प्रश्न : ह्यांनी मोठ्या हौसेनं येझ्दी खोलली. आता ती डब्यांत आहे, आणि खोलीत जायला वाट नाही. विषय काढला की चिडतात. विकून टाकू का?

वहिनी, विकू नका. डब्यातल्या गाडीला कुणी भाव देत नाही, आणि घरातली हौस अशी विकली की माणूस पुन्हा कशाला हात लावत नाही. ते आळशी आहेत असं मला वाटत नाही. सगळी गाडी एकदम खोलली की पुढचं काम कोणतं तेच दिसेनासं होतं, आणि मग तो माणूस त्या खोलीत जायचंच टाळतो.

त्यांना एकच डबा टेबलावर आणून द्या, कार्बोरेटरचा. ते काम एका संध्याकाळी संपतं. जेट उघडायचे, क्लीनरमध्ये बुडवायचे, हवेनं फुंकायचे, पण तार घालायची नाही, भोक मोठं होतं. नवं गास्केट घालून बंद करायचं आणि पिशवीवर तारीख लिहायची. पुढच्या रविवारी मागच्या चाकाचा डबा. चाकं आणि फोर्क लागले की चासी स्वतःच्या पायावर उभी राहते, निम्मे डबे रिकामे होतात आणि खोलीत वाट होते. इंजिनाचा डबा सर्वात शेवटी काढा. तोवर त्याच्या बोल्टांच्या पिशव्या कुणी एकत्र ओतू नयेत, एवढं मात्र तुम्ही बघा, कारण लांबी चुकलेला एक बोल्ट केसिंगला आरपार भोक पाडतो.