कॉकटेल आणि खाण्यावर गार्निश कशासाठी करतात? घरच्या पार्टीत काय घालावं?

तुमचा प्रश्न दोन भागांत आहे. गार्निश ही नुसती फोटोसाठीची सजावट असते का, आणि शनिवारी घरी आठ जण येणार आहेत तर ग्लासांवर आणि ताटल्यांवर काय घालावं. मी पणजीत सहा वर्षं बारच्या मागे उभा होतो, आता पुण्यात घरगुती पार्ट्यांची ऑर्डर घेतो. त्या अनुभवावरून सांगतो.

गार्निश हा शब्द बाजूला ठेवा. आपल्या स्वयंपाकघरात त्यासाठी एक साधा शब्द आहे: ‘वरून’. पोह्यांवर वरून खोबरं-कोथिंबीर, पुरणपोळीवर वरून तूप, कोशिंबिरीला वरून फोडणी, मिसळीवर वरून फरसाण आणि कांदा. यातलं काहीही शोभेचं नाही. पोह्यांवरची लिंबाची फोड काढून घ्या, पहिल्याच घासाला तक्रार येईल. माझी कसोटी तीच. वरची वस्तू काढल्यावर चव बदलत नसेल, तर ती घालू नये.

ती चव बदलते कशी? बरीचशी नाकातून. सर्दी झाल्यावर जेवण मचूळ लागतं ते यामुळेच. ग्लास तोंडाला लावताना नाक बरोबर त्याच्या काठावर येतं, म्हणून काठावर जे असेल त्याचा वास घोटाच्या आधी पोचतो. ओल्ड फॅशन्ड या व्हिस्कीच्या कॉकटेलवर संत्र्याची साल पिळतात ती याचसाठी. रसाचा इथे काही संबंध नाही. सालीच्या बाहेरच्या बाजूला तेलाच्या बारीक पिशव्या असतात. अंगठ्याएवढी रुंद पट्टी सोलाण्याने काढायची, आतला पांढरा भाग जमेल तितका कमी ठेवायचा, आणि रंगीत बाजू ग्लासाकडे करून चिमटीत दाबायची. पृष्ठभागावर तेलाचे बारीक थेंब दिसतात. मग तीच साल काठावरून फिरवायची. नागपुरी संत्र्याची साल ढिली असते, सोलाणं लावलं की चुरगळते. त्यापेक्षा घट्ट सालीचं माल्टा किंवा मोसंबी घ्या. कागदी लिंबाची साल नावाप्रमाणेच पातळ, त्यामुळे तिची पट्टी नीट निघत नाही. त्याची सरळ फोडच द्या.

पुदिन्याच्या बाबतीत सगळे एकच चूक करतात: खलबत्त्यात कुटल्यासारखा ठेचतात. त्याचं सुगंधी तेल पानाच्या पृष्ठभागावरच असतं. शेंडा एका तळहातावर ठेवायचा, दुसऱ्या हाताने एक टाळी द्यायची, झालं. ठेचलात तर पानाचा कडवट हिरवा रस उतरतो आणि मोहितो हे पुदिन्याचं कॉकटेल गवतासारखं लागतं. स्ट्रॉ वापरत असाल तर पुदिना स्ट्रॉला खेटून लावा, म्हणजे पिताना नाक त्यातच जाईल.

आता माझा लाडका विषय. मार्च ते मे या काळात गोव्यात गेलात तर उर्राक मिळते. काजूच्या बोंडूच्या रसाची ही पहिली धार, फेणीपेक्षा बरीच सौम्य. फेणी त्यापुढच्या ऊर्ध्वपातनातून येते आणि साधारण ४२ टक्क्यांच्या आसपास असते. २००९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. उर्राक प्यायची पद्धत ठरलेली: ग्लासात बर्फ, उर्राक, लिमका, लिंबू पिळून, चिमूटभर मीठ, आणि एक हिरवी मिरची उभी चिरून. गोव्यातल्या तावेर्नात, म्हणजे गावातल्या छोट्या बारमध्ये, कुणी या मिरचीला गार्निश म्हणणार नाही, पण इतकं विचारपूर्वक केलेलं गार्निश मी इतरत्र क्वचितच पाहिलंय. मिरचीतला तिखटपणा पाण्यात फारसा उतरत नाही, दारूत उतरतो. त्यामुळे पहिला घोट गोड-आंबट, अर्ध्या ग्लासाला जिभेच्या टोकाला चटका, आणि शेवटच्या घोटाला कपाळावर घाम. एकाच ग्लासात पेय बदलत जातं. सोसत नसेल तर मिरची मध्येच काढून टाका. मीठही उगाच नसतं. मीठ कडवटपणा दाबतं आणि आंबट-गोड वर आणतं. मार्गारीटा या टकिलाच्या कॉकटेलच्या ग्लासाच्या काठाला मीठ लावतात त्यामागे हेच आहे. पण ते अर्ध्याच काठाला आणि बाहेरच्या बाजूने लावा. ज्याला नको त्याने दुसऱ्या बाजूने प्यावं.

खाण्यावर येऊ. इथे वासाइतकंच महत्त्व दाताखालच्या कुरकुरीला आहे. मऊ पदार्थावर काहीतरी कडक हवं: दहीवड्यावर शेव, बिर्याणीवर तळलेला कांदा. हे सगळं वाढायच्या क्षणी घालायचं. दहा मिनिटं आधी घातलेली शेव म्हणजे लगदा. कोथिंबीर गॅस बंद केल्यावरच, उकळत्या रश्श्यात टाकली की वास उडून जातो. कोवळे देठ फेकू नका, पानांपेक्षा त्यांना जास्त चव असते. सुरळीच्या वड्यांवर मोहरी-हिंग-तिळाची फोडणी चमच्याने ओतून मग खोबरं भुरभुरवा. उलट केलंत तर खोबरं तेलकट होतं.

एक फजितीही सांगतो, कारण फुलं घालायचा मोह तुम्हालाही होईल. पहिल्या वर्षी मी बाजारातल्या फुलवाल्याकडचे गुलाब आणून जिनच्या ग्लासांवर पाकळ्या तरंगवल्या होत्या. एका पाहुण्या मावशींनी सरळ विचारलं, “बाळा, यावर फवारणी केलेली असते ना?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. आठही ग्लास मोरीत ओतले. हाराची फुलं खाण्यासाठी पिकवलेली नसतात. कण्हेर, सदाफुली, धोत्रा यांच्या तर जवळही जाऊ नका, ती विषारी आहेत. फूल हवंच असेल तर घरच्या कुंडीतली गोकर्ण घ्या. तिचं निळं पाणी लिंबू पिळलं की जांभळं होतं, पोरं खूश होतात. चवीला मात्र ती जवळजवळ काहीच नाही, म्हणजे माझ्याच कसोटीला नापास!

आणि त्या लालभडक ‘चेरी’चा डबा आणू नका. आपल्याकडे त्या नावाने मिळते ती बरेचदा पाकात मुरवून रंगवलेली करवंदं असतात. करवंदाला माझा विरोध नाही, पण मग मीठ-मिरपूड लावलेली ताजी करवंदं काडीला टोचून द्या ना, जिनबरोबर झकास लागतात.

आठ जणांसाठी मी असतो तर इतकंच केलं असतं: एकच कॉकटेल, त्यावर सालीची पट्टी किंवा पुदिना, दोन्ही नाही. खायला सुरळीच्या वड्या आणि दहीवडे. लिंबं पाहुणे यायच्या तासभर आधीच कापा, सकाळी कापून ठेवलेल्या फोडी सुकतात. सालीसाठीची फळं कोमट पाण्यात घासून धुवा, वरचं मेण निघायला हवं. पुदिना ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. आणि उर्राक मिळालीच तर मिरच्या चिरणाऱ्याने डोळ्यांना हात लावायचा नाही, हे मी तीनदा विसरलोय.