मुलगा व्हायचं नाही, मग ऑपरेशन कशाला?

ताई, तुम्ही लिहिलंय की तुमचं २२ वर्षांचं लेकरू, मुलगी म्हणून वाढवलेलं, आता म्हणतंय मी मुलगीही नाही आणि मुलगाही नाही, मी नॉनबायनरी आहे, हार्मोन नकोत पण छातीचं ऑपरेशन करायचंय. त्यात कपाटात तुम्हाला क्रेप बँडेजचे रोल सापडले. तुमचा प्रश्न असा की मुलगा व्हायचंच नाही तर ऑपरेशन कशाला, आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं तर हे डोक्यातून जाईल का.

आधी बँडेजचं बोलते, कारण ते आजच बघायला हवं. छाती सपाट दिसावी म्हणून ते गुंडाळतात, पण ते हालचालीबरोबर आवळत जातं, श्वास पुरत नाही, बरगड्या दुखतात, कातडी सोलवटते. त्यापेक्षा मापाचा बाइंडर, म्हणजे छाती सपाट ठेवणारी खास घट्ट बनियन, घेऊन द्या, दिवसाला साधारण आठ तासांच्या वर नको आणि झोपताना तर नाहीच नाही. तुम्ही स्वतः आणून दिलात ना, की बाकीचं बोलणं सोपं होईल, मला तरी तसंच वाटतं.

आता ऑपरेशन. ट्रान्झिशन, म्हणजे आपल्या ओळखीप्रमाणे राहणं किंवा शरीर बदलणं, सगळं करायचं नाहीतर काहीच नाही, असं आपण धरून चालतो आणि तिथेच घोळ होतो. कुणी फक्त नाव आणि कपडे बदलतं, कुणी हार्मोन घेतं, कुणी ऑपरेशन करतं, कुणी यातलं काहीच करत नाही आणि तरी ते ट्रान्स किंवा नॉनबायनरी असतातच. तुमच्या लेकराला छाती नकोशी झालीय पण दाढी-मिशा आणि जाड आवाज नकोय, मग टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन घ्यायचं कशाला, त्याने एकदा आवाज फुटला की औषध बंद करूनही पहिल्यासारखा होत नाही. मला तर यात नीट विचार दिसतोय. आणि ज्याला हार्मोन नकोच आहेत त्याने टॉप सर्जरीआधी, म्हणजे या छातीच्या ऑपरेशनआधी, ते घेतलेच पाहिजेत असं डब्ल्यूपॅथ या ट्रान्स लोकांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या जागतिक संघटनेच्या गाइडलाइन्सही म्हणत नाहीत.

तज्ज्ञाकडे जरूर जा, पण डोक्यातून काढायला नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत, जी २०१९ ला मंजूर झाली आणि २०२२ पासून लागू झाली, आपली ओळख जन्मावेळी ठरवलेल्या लिंगाशी न जुळणं हे मानसिक आजारांतून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवलंय. कुणी "बरं करून देतो" म्हणालं तर तिथून सरळ उठून या, त्याने ओळख बदलत नाही, फक्त पोरं आतून खचतात, काहींच्या तर जिवावर बेततं. चांगला तज्ज्ञ हे कधीपासून वाटतंय, ऑपरेशनकडून काय अपेक्षा आहे, असं शांतपणे विचारतो आणि ऐकून घेतो.

तुमची भीती मला कळते. हे ऑपरेशन परत फिरवता येत नाही, व्रण राहतात, निपलची संवेदना कमी होते किंवा जाते, पुढे बाळ झालं तर अंगावर पाजता येईलच असं नाही. पस्तावणारे थोडे असतात, पण असतात. हे सगळं दोघांनी मिळून सर्जनला विचारा, तुम्ही एकट्या घरी बोललात तर ते लेकराला धमकीसारखं वाटेल. आणि हो, आली म्हणायचं की आलं की आले, तेही त्यालाच विचारा, जीभ चुकली तर दुरुस्त करून पुढे बोलत रहा.

ऑपरेशन ठरलंच तर नंतर काही आठवडे जड उचलता येत नाही, हात वर नेता येत नाहीत, केस धुवायलाही कुणीतरी लागतं. तेव्हा तुम्हाला सुट्टी कधी मिळेल तेवढं आत्ताच बघून ठेवा.