'परवाची बैठक' नेमकी कधीची?

मुद्रितशोधनाला नुकतीच लागली आहेस, म्हणून सांगतो. ऱ्हस्व-दीर्घाइतकंच अर्थाकडेही बघ. 'परवा आलो', 'परवा येईन' यांत क्रियापद वेळ सांगतं. पण 'परवाची बैठक' झालेली की व्हायची? तिथे सरळ तारीख मागून घे.

खरी फसवी जागा सामान्यरूपाची, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाचं रूप बदलतं तिथली. 'जुने पुस्तकांचे दुकान' आणि 'जुन्या पुस्तकांचे दुकान' वेगळे कळतात. मात्र 'जुन्या पुस्तकांच्या दुकानात' म्हटलं, की जुनं दुकान की जुनी पुस्तकं, हा भेदच पुसला जातो! मला मराठीची ही गंमत फार आवडते, तरी बातमीत ती नको. लेखकाला विचार, वाक्य फोड. कवितेतल्या श्लेषाला मात्र हात लावू नकोस. तिथे दोन्ही अर्थ हवेच असतात.