से ला व्ही: रडायचं की नाचायचं?

प्रश्न असा आलाय की भाचीला बारावीच्या प्रिलिमला मार्क कमी पडले तेव्हा तिने स्टेटसला 'से ला व्ही' टाकलं, आणि त्याच आठवड्यात कुणाच्या तरी हळदीला डीजेने खालेद या गायकाचं 'से ला व्ही' हे गाणं लावलं आणि हीच भाची त्यावर सगळ्यात पुढे नाचत होती. तर हे फ्रेंच वाक्य नक्की रडायचं आहे की नाचायचं, आणि मराठीत त्याला काय म्हणतात?

मराठीचं उत्तर आधी देऊन टाकते, ते सोपं आहे. चालायचंच.

शब्दाला शब्द लावला तर से म्हणजे 'हे आहे', ला हे स्त्रीलिंगी नामाआधी लागणारं शेपूट (आधी लागतं म्हणजे शेपूट तरी कसं म्हणू, शिंग म्हणा), आणि व्ही म्हणजे आयुष्य. 'हे आयुष्य आहे.' पण असं मराठीत कोण बोलतं? प्रदर्शनात काठीने दाखवत सांगितल्यासारखं वाटतं, हे आयुष्य आहे, त्याच्या शेजारी तो हंडा आहे. म्हणून अनुवाद करताना 'आयुष्य' हा शब्द सरळ सोडून द्यायचा. ते 'ला' पण तसंच, फ्रेंचमध्ये आयुष्य, युद्ध असं काही एकूणातलं बोलायचं असलं की ते लावावंच लागतं, त्यात वेगळा अर्थ शोधत बसू नका.

उच्चाराचं एक सांगते कारण एफसी रोडवर टी-शर्टच्या स्टॉलवाल्या मुलाने मला 'ताई तो सेस्ट ला व्हिए वाला काढू का' असं विचारलं होतं आणि त्याची काहीच चूक नव्हती, लिहिलेलंच तसं असतं, C'est la vie. शेवटचे एस आणि टी दोन्ही गिळायचे, नुसतं 'से'. गंमत म्हणजे तो टी मेलेला नसतो, पुढे स्वर आला की बऱ्याचदा जागा होतो, म्हणजे 'से' नंतर 'यून' आलं तर 'सेत्यून' ऐकू येतं. इथे पुढे 'ला' असल्यामुळे तो झोपूनच राहतो. आणि तिन्ही अक्षरं एका दमात, सेलाव्ही.

आम्ही अकरावीला स्कोअरिंग म्हणून फ्रेंच घेतलेली मुलं, आमच्या मॅडम हे वाक्य शिकवताना आधी दोन्ही खांदे वर, मग तळवे बाहेर, मग खालचा ओठ जरा पुढे, आणि मग सगळ्यात शेवटी तोंडातून वाक्य. खांदे न उडवता म्हणालात तर ओरलला अर्धा मार्क कापेन म्हणायच्या. तेव्हा हसलो पण आता वाटतं की त्या अर्थच शिकवत होत्या, कारण खांद्याशिवाय ते वाक्य अर्धंच आहे.

आता चालायचंच का म्हणते मी, कारण त्यात मराठीची एक भारी गोष्ट लपलीय. शब्द फोडून बघा, चालायचं आणि वर एक च. हा 'आयचं अधिक च' कुठल्याही क्रियापदाला लावा, लगेच से ला व्ही तयार. आता या वयात गुडघे दुखायचेच. पावसाळ्यात कपडे दमट राहायचेच. पोरं मोठी झाली की घराबाहेर पडायचीच. फ्रेंचांना त्यासाठी अख्खं आयुष्य हा शब्द काढावा लागतो, इंग्रजीकडे स्वतःचं 'दॅट्स लाइफ' आहे (फ्रँक सिनात्राचं त्या नावाचं गाणं १९६६चं) तरी त्यांनी फ्रेंच वाक्य जसंच्या तसं उचललं, आणि आपली आजी गुडघ्यावर बाम चोळता चोळता क्रियापदाच्या शेपटीतच सगळं तत्त्वज्ञान उरकून टाकते. तुकोबांचं 'आलिया भोगासी असावे सादर' किंवा गीतरामायणातलं 'पराधीन आहे जगती' हे पण लोक अनुवाद म्हणून सुचवतात, अर्थ त्या बाजूला जातो हे खरंय, पण वजन बघा की! राम चित्रकूटावर भरताची समजूत घालतोय तिथे से ला व्ही चालणार नाही. से ला व्ही हे बस चुकल्यावरचं, दूध उतू गेल्यावरचं, प्रिलिमचं वाक्य आहे.

आणि कोण कुणाला म्हणतंय हे फार महत्त्वाचं. स्वतःचं नुकसान झालं की स्वतः म्हणायचं. ऑफिसातल्या मैत्रिणीची स्कूटर चोरीला गेली तेव्हा मी शहाणपणा करून तिला म्हणाले, चालायचंच गं, तर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. तेच ती म्हणाली असती तर मोठ्या मनाची ठरली असती. फ्रेंचमध्येही तसंच आहे. दुसऱ्याला सांगायचं असेल तर त्यांच्याकडे 'क व्हुले-व्हू' आहे, शब्दशः 'तुम्हाला काय हवंय', पण हताशपणे म्हटलं की अर्थ होतो 'आता काय करणार हो'. नाहीतर सरळ 'से कॉम सा', असंच असतं.

आता गाणी. इथेच खरा गोंधळ आहे कारण एकाच वाक्याचं प्रत्येकाने वेगळं काहीतरी केलंय.

माझं सगळ्यात आवडतं १९६४चं, अमेरिकेतल्या रॉक अँड रोलवाल्या चक बेरीचं 'यू नेव्हर कॅन टेल'. पल्प फिक्शन सिनेमात जॉन ट्रॅव्होल्टा आणि उमा थर्मन बूट काढून ट्विस्ट करतात ना, तेच गाणं. त्यात गोष्ट अशी आहे की कोवळ्या वयातल्या दोघांचं लग्न लागतंय, मुलाचं नाव प्येअर, मुलगी नुसतीच मादम्वाझेल (फ्रेंचमध्ये 'कुमारी'), आणि जमलेली म्हातारी मंडळी वरवर शुभेच्छा देतायत. मग हे दोघं सेलमधून सामान आणून घर लावतात, फ्रिज तयार जेवणाच्या पाकिटांनी आणि जिंजर एलने भरतात, प्येअरला नोकरी लागते, मग रेकॉर्ड प्लेअर येतो आणि सातशे छोट्या रेकॉर्ड्स, मग चेरीसारखी लाल ५३ची गाडी, आणि वाढदिवसाला, म्हणजे लग्नाच्या, दोघं गाडी काढून ऑर्लिन्सला, म्हणजे न्यू ऑर्लिन्सला, जातात. आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी ती म्हातारी मंडळी म्हणतात, से ला व्ही, काही सांगता येत नाही बुवा.

इथे काय झालंय बघा. रडगाणं नाहीच आहे. उलट टिकणार नाही म्हणून ज्याच्याकडे बघितलं ते टिकलं, त्याचं आश्चर्य आहे. इथे चालायचंच टाकलं तर गाणं मरतं. इथे आपल्याकडची म्हातारी म्हणेल 'काय सांगता येतं बाई!' आणि हे वाक्य फ्रेंचच का, तर शोभेला नाही, जागाच तशी आहे. न्यू ऑर्लिन्स फ्रेंचांनी १७१८ साली वसवलेलं, लुइझियाना नेपोलियनने अमेरिकेला विकलं ते १८०३ साली, पण भाषा काय सातबाऱ्याबरोबर दुसऱ्याच्या नावावर होत नाही, तिथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी फ्रेंच राहिलंच. म्हणजे बेरीने मुलाचं नाव, गाव आणि म्हाताऱ्यांची भाषा सगळं एका माळेत ओवलंय. पुढे १९७७च्या सुमाराला एमिलू हॅरिसने हेच गाणं कंट्री ढंगात गायलं तेव्हा नावात से ला व्ही पण घातलं, लोकांच्या डोक्यात तेच राहिलं असणार.

त्याच १९७७मधलं एमर्सन, लेक अँड पामर या बँडचं 'से ला व्ही' आहे, संथ, प्रेमभंगाचं, पॅरिसच्या कॅफेतली हवा आणलेलं, आणि ते फ्रान्समध्ये तिथल्याच जॉनी हॅलिडे या गायकाने फ्रेंचमध्ये गायलं. म्हणजे फ्रेंच वाक्य इंग्रजी गाण्यातून फिरून माहेरी आलं. १९८६चं रॉबी नेव्हिलचं त्या नावाचं गाणं मात्र कष्टकऱ्याचं, रोजची कटकट, तेच ते काम, आणि ते ऐकणाऱ्यावर विश्वास न ठेवता लगेच पुढच्या ओळीत इंग्रजी अर्थही सांगून टाकतं. आमचे एक सर हिंदी शेर म्हणून झाल्यावर म्हणजेच की असं करत मराठीत समजावायचे त्यांची आठवण येते. अर्थाच्या दृष्टीने मात्र हेच सगळ्यात बिनचूक चालायचंच आहे.

आणि मग १९९८, डब्लिनच्या चार पोरी, बँडचं नाव बी-विच्ड, पहिलंच गाणं 'से ला व्ही' आणि इंग्लंडमध्ये थेट एक नंबर. या गाण्यात अर्थबिर्थ शोधू नका, मी शोधलाय, नाहीये. पण कान देऊन ऐका, आधी इंग्रजी 'से' येतो, सांग या अर्थाचा, परत येतो, परत येतो, से से से करत करत शेवटी 'मी'ला यमक म्हणून येतं से ला व्ही. म्हणजे इंग्रजी 'से'वरून घसरगुंडी करत फ्रेंच 'से'त उडी! इंग्रजी गीतकारांना हे वाक्य का आवडतं त्याचं अर्धं उत्तर इथेच आहे असं माझं मत, मी, बी, फ्री, सी असल्या शंभर सोप्या शब्दांशी त्याचं यमक जुळतं आणि वर पॅरिसचा सेंट फुकट.

आता खालेद. हा अल्जेरियातल्या ओरानचा, राई या तिथल्या लोकप्रिय संगीतातला, ज्याचं 'दीदी' नव्वदच्या दशकात आपल्याकडे पण वाजवून वाजवून कॅसेटी घासल्या. त्याचं 'से ला व्ही' २०१२चं. अल्जेरियावर फ्रान्सचं राज्य १८३०पासून १९६२पर्यंत, त्यामुळे तिथे रोजच्या अरबीत फ्रेंच असं मिसळलंय जसं आपण 'टेन्शन घेऊ नको, ॲडजस्ट करू' म्हणतो, त्यांना त्यात परकं काही वाटत नाही. गाण्यात अरबी कडवी आणि मग फ्रेंच पालुपद, प्रेम करू, नाचू, हो, से ला व्ही. आता इथे खांदे उडतात ते नाचण्यासाठी. 'हेच असं असतं, काय करणार' हा अर्थ जाऊन 'हेच तर जगणं!' असा होतो. वाक्य तेच, अक्षर बदललं नाही, फक्त जोर 'हे'वर आला. नीट स्पष्ट करायचं असेल तर फ्रेंच माणूस 'से सा ला व्ही' म्हणेल, मध्ये एक 'सा' घालून, पण गाण्यात ठेक्यानेच काम भागतं. मराठीत ते काम 'च' आणि 'तर' करतात. चालायचंच मधला च माणसाला खाली बसवतो आणि हेच तर मधला च उभा करतो, एकाच अक्षराची ही करामत आहे.

याच गाण्यावरून आमच्या सोसायटीतल्या एका काकांचा पक्का समज होता की खालेद कुणा सेल्वी नावाच्या तमिळ मुलीला हाका मारतोय. आम्ही खूप हसलो. पण मग मला आठवलं की ही चूक मार्सेल द्युशांने मुद्दाम केली होती! तोच तो फ्रेंच कलाकार, मुतारीचं भांडं कलाकृती म्हणून ठेवणारा. त्याने १९२०च्या सुमाराला स्वतःसाठी एक बाईचं नाव घेतलं, रोज सेलाव्ही, बाईचे कपडे घालून मॅन रे या फोटोग्राफरकडून फोटो पण काढून घेतले. ते नाव फ्रेंचमध्ये मोठ्याने वाचलं की 'एरोस, से ला व्ही' ऐकू येतं, म्हणजे कामवासना हेच जीवन. काकांना सांगितलं तर म्हणाले बघ, मी म्हणत नव्हतो मुलगीच आहे.

एक घोळ जाता जाता सोडवते, 'के सेरा सेरा' हे फ्रेंच नाही. १९५६मध्ये हिचकॉकच्या सिनेमात डोरिस डेने गायलं ते, स्पॅनिशसारखं दिसतं पण स्पॅनिश व्याकरणात बसत नाही. आणि अर्थही वेगळा, ते पुढचं बघतं, होईल ते होईल. से ला व्ही घडून गेल्यावर म्हणायचं. परीक्षेला जाताना के सेरा सेरा, निकाल हातात पडला की से ला व्ही.

म्हणजे भाचीचं काही चुकलं नाही, स्टेटसला टाकलं ते चालायचंच आणि हळदीला नाचली ते हेच तर जगणं. फक्त तिच्या मार्कांबद्दल तुम्ही तिला चालायचंच म्हणू नका, ते तिचं तिला म्हणू दे. आणि बोर्डाला चांगले पडले तर मात्र तुम्ही मामा-मावशी मंडळींनी चक बेरीच्या म्हाताऱ्यांसारखं एका ओळीत उभं राहून म्हणायचं, काय सांगता येतं बाई!