प्रेझेंटेशन लोकांच्या लक्षात राहील असं कसं द्यायचं? बॉडी लँग्वेज सुधारली की काम होतं का?

नाही होत. तुम्ही लिहिलंय की ट्रेनिंगमध्ये तुम्हाला सांगितलं, शब्दांचं महत्त्व फक्त ७ टक्के, आवाजाचं ३८ आणि बॉडी लँग्वेजचं ५५, म्हणून सध्या आरशासमोर हातवाऱ्यांची प्रॅक्टिस चाललीय. हे वाचून राहवलं नाही, कारण याच आकड्यांवरून माझं एका ट्रेनरशी आणि नंतर आमच्या साहेबांशी चांगलंच वाजलंय.

हे आकडे अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाचे, १९६७ साली छापून आलेल्या दोन प्रयोगांमधले. एकात सुटे सुटे शब्द वेगवेगळ्या सुरात टेपवरून ऐकवले, दुसऱ्यात सोबत चेहऱ्यांचे फोटो दाखवले, आणि ऐकणाऱ्यांना विचारलं की बोलणाऱ्याच्या मनात समोरच्याबद्दल आवड आहे की नावड. बास. त्यात भाषण नव्हतं, हिशोब नव्हता, कुणाला काही समजावून सांगायचं नव्हतं. भावना आणि आवडीनिवडी सोडून बाकी बोलण्याला हे सूत्र लागू होत नाही हे मेहराबियननी स्वतः स्पष्ट केलंय, तरी ट्रेनिंगवाले तीच स्लाइड दाखवत राहतात.

आता आमच्याकडचं सांगतो. मेंटेनन्समध्ये एक पोरगा होता, कमी बोलणारा, आवाज बारीक, नजर कायम खाली. ट्रेनिंगच्या शेवटी प्रत्येकाने आपल्या कामावर छोटं प्रेझेंटेशन द्यायचं होतं आणि ट्रेनर फॉर्मवर मार्क देणार होते, आय कॉन्टॅक्ट, हातवारे, स्टेजवरचा वावर, एनर्जी असले रकाने. याने एकही स्लाइड केली नाही. पिशवीतून दोन बेअरिंग काढली, एक नवीन आणि एक पंपातून काढलेलं, टेबलावर ठेवली आणि म्हणाला, दोन्ही फिरवून बघा आणि पुढे द्या. नवीन बोटावर गुळगुळीत फिरत होतं, आवाजच नाही. जुनं फिरवलं की खरखर नुसती ऐकू यायची नाही, बोटाला लागायची, आणि कडेला काळं ग्रीस आलेलं, ते चिमटीत घेऊन चोळलं की आत बारीक कच. सगळ्यांचे हात काळे होईपर्यंत तो गप्प उभा राहिला आणि मग म्हणाला, ‘ग्रीस चांगलंच आहे, पण डबा दिवसभर उघडा असतो, त्यात धूळ पडते आणि तीच आपण पंपात भरतो. डब्यांना झाकणं लावा.’ आणि जाऊन बसला.

ट्रेनरने त्याला सगळ्यात कमी मार्क दिले. पहिला आला तो सेल्समधला एक जण, फिरत फिरत बोलला, हशा, टाळ्या, सगळं झालं. पुढच्या आठवड्यात मी चार लोकांना मुद्दाम विचारलं की तो नक्की काय सांगत होता, एकालाही धड सांगता आलं नाही. डब्यांना मात्र झाकणं बसली होती, कुणी ऑर्डर न काढता. तरी साहेबांनी तो फॉर्म धरून त्या पोराला क्लायंटसमोर बोलायला पाठवायचं नाही असं ठरवलं. मी भांडलो, तर म्हणे, ‘इम्पॅक्ट पडत नाही त्याचा.’ अहो, मग झाकणं कुणाच्या इम्पॅक्टने बसली?

आणि शब्द कमी महत्त्वाचे म्हणणाऱ्यांनी नासाच्या कोलंबिया या अंतराळयानाचं प्रकरण वाचावं. जानेवारी २००३ मध्ये उड्डाणाच्या वेळी इंधन टाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान वर असतानाच इंजिनिअरांनी नासाला संभाव्य नुकसानीबद्दल स्लाइड दाखवल्या, त्यातल्या एकीचं शीर्षक धीर देणारं होतं, आणि आदळलेला तुकडा साधारण १९२० घनइंचांचा, तर ज्या जुन्या टेस्टवरून अंदाज बांधला होता तिच्यातला फक्त ३ घनइंचांचा, ही माहिती अगदी तळाच्या ओळीत, बारीक अक्षरात. १ फेब्रुवारीला यान परत येताना तुटलं, कल्पना चावलांसह सातही जण गेले. एका स्लाइडमुळे अपघात झाला असं मी म्हणत नाही, पण अशा गंभीर विषयावर तांत्रिक रिपोर्टऐवजी स्लाइड वापरायची सवय चौकशी समितीनेही धोक्याची ठरवली. तिथे कुणाचे हातवारे काय कामाचे होते?

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर म्हणाल तर, लोकांनी बाहेर जाताना कुठलं एक वाक्य घेऊन जावं ते आधी कागदावर लिहा, लिहिता येत नसेल तर स्लाइड उघडूच नका. ते वाक्य पहिल्या दोन मिनिटांत सांगा, शेवटासाठी राखून ठेवू नका. वस्तू दाखवता येत असेल तर वस्तूच आणा. स्लाइडवर परिच्छेद टाकला की लोक वाचत बसतात आणि तुमचं ऐकत नाहीत, म्हणून महत्त्वाचं बोलताना स्क्रीन काळी करा, पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड शो चालू असताना कीबोर्डवरचं B दाबलं की होते.

हां, आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचलाच पाहिजे, त्याला पर्याय नाही, त्या पोरालाही माइक दिला असता तर बरं झालं असतं. आणि सांत्वन करायचं असेल किंवा माफी मागायची असेल तर सूर आणि चेहरा खरंच खूप महत्त्वाचा ठरतो, तिथे मेहराबियन वाचा. ऑनलाइन मीटिंगमध्ये वस्तू हातात देता येत नाही, तिथे फोटो जवळून काढा.

आणि तुमच्या ट्रेनिंगमध्ये असाच फॉर्म असेल तर त्यात एक रकाना वाढवायला सांगा: आठवड्यानंतर काय आठवतंय? आमच्याकडे मी हे लेखी दिलं होतं, साहेबांनी ठेवून घेतलं आणि पुढे काहीच केलं नाही. आजही माझं म्हणणं तेच आहे, मार्क त्या रकान्यावर द्या, बाकीचे नसले तरी चालतील.