आयर्लंडमध्ये गुन्हा सिद्ध न होता टोळीच्या म्होरक्याची मालमत्ता जप्त होऊ शकते का?

हो, होऊ शकते. खुनातून निर्दोष सुटला तरी. गुन्हेगारी टोळ्यांवर लिहिणाऱ्या पत्रकार व्हेरोनिका गेरिन यांची जून 1996 मध्ये डब्लिनजवळ गोळ्या घालून हत्या झाली आणि त्याच वर्षी तिथल्या संसदेने गुन्ह्यातून आलेल्या संपत्तीचा कायदा केला, अशी संपत्ती शोधून जप्त करणारा क्रिमिनल ॲसेट्स ब्युरोही उभा केला. त्यात पोलीस, करखातं आणि समाजकल्याण खात्याचे लोक एकत्र बसतात. पोलीस नसलेल्या अधिकाऱ्यांची नावं कोर्टातही गुप्त ठेवता येतात, आणि ते योग्यच आहे. दावा दिवाणी असतो, त्यामुळे ‘संशयातीत’ पुरावा लागत नाही. पैसा गुन्ह्यातला असण्याची शक्यता जास्त आहे, एवढं हायकोर्टाला पटलं की पुरे. टोळीचा म्होरक्या जॉन गिलिगन गेरिन यांच्या खुनातून 2001 मध्ये सुटला (गांजाच्या तस्करीत मात्र शिक्षा झाली), तरी किल्डेअर काउंटीतलं त्याचं जेसब्रुक हे घोडेस्वारी केंद्र सरकारने काढून घेतलंच.

पण जप्ती आपोआप होत नाही: गंभीर अन्याय होण्याचा धोका दिसला तर न्यायाधीश आदेश नाकारतात, आणि अपिलं वर्षानुवर्षं चालतात. गिलिगनची 2017 पर्यंत चालली.